बाबांचं नवं पोस्टिंग

घरात आजारी माणूस असलं की आपण सगळे एकदम मॅनेजर होतो. गोळ्यांचा डबा, रिपोर्ट्सची फाइल, डायलिसिसचे वार, दिवसभरात पाणी किती प्यायलं त्याचा हिशेब. सगळं कसं परफेक्ट! राहून जातात त्या गप्पा. ‘जेवलात? गोळी घेतली?’ याला गप्पा म्हणत नाहीत, फॉलोअप म्हणतात.

माझ्या बाबांचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास. दीड वर्षानंतर ते म्हणायला लागले, ‘बास झालं आता. कशासाठी हे सगळं?’ आमच्याकडे उत्तर नव्हतं. मग एका रविवारी भाचीनं शाळेच्या प्रोजेक्टसाठी सहज विचारलं, ‘आजोबा, आपल्यात कुणी सैन्यात होतं का हो?’

बाबा उठून बसले. त्यांचे एक चुलत आजोबा पहिल्या महायुद्धात ‘बसऱ्याला गेले ते गेलेच’. घरात एवढंच माहीत.

बसरा म्हणजे आजच्या इराकमधलं. तिथे सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर मराठा पलटणीही होत्या. डिसेंबर १९१५मध्ये कुत-अल-अमारा इथे तुर्कांनी या फौजेला वेढलं. अन्न संपलं, घोडे मारून खायची वेळ आली. २९ एप्रिल १९१६ला सुमारे तेरा हजार माणसं शरण गेली आणि पुढे कैदेत त्यातली हजारो मेली.

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या साइटवर अशा सैनिकांची नावं फुकट शोधता येतात. पलटण, मृत्यूची तारीख, पुष्कळ नोंदींत वडिलांचं नाव, गाव, जिल्हासुद्धा. स्पेलिंग मात्र साहेबाच्या कानाला ऐकू आलं तसं! मग आमचे चार तास असे जायला लागले: बाबांच्या डाव्या हातात सुया, उजव्या हातात पेन, मी मोबाइलवरून नावं वाचतेय आणि ते ‘हा नव्हे, हा दापोलीचा, पुढे’ करत काट मारतायत. तिसऱ्या आठवड्यात सापडले. ११७वी मराठा पलटण, तालुका खेड, जिल्हा रत्नागिरी. वडिलांचं नावही जुळलं.

स्मारक होतं बसऱ्याचं, १९२९मध्ये उभारलेलं, चाळीस हजारांहून जास्त सैनिकांसाठी. पण तिथल्या भिंतीवर ब्रिटिश सैनिकांची नावं आणि हिंदी शिपायांचे पलटणीमागे नुसते आकडे. या भेदभावाची कबुली कमिशनच्या समितीच्या अहवालात आली ती २०२१मध्ये. ‘म्हणजे आमचा माणूस आकड्यात?’ बाबा असे कडाडले की सिस्टर धावत आल्या. कित्येक महिन्यांनी हा आवाज ऐकला!

चमत्कार वगैरे काही झालेला नाही. क्रिएटिनिन आहे तिथेच आहे, डॉक्टरांचा सूरही तोच. पण ‘कशासाठी’ हा प्रश्न सध्या बंद आहे. डायलिसिसला निघताना बाबा आधी वही मागतात. मुंबईतल्या भावकीला फोन जातात, वंशावळ भरतेय, आणि ‘पाणी किती प्यायलात’ असं विचारलं तर ‘थांब गं, महत्त्वाचं बोलतोय’ असं ऐकावं लागतं. चार तासांचा पेशंट आता घराचं हेडक्वार्टर झालाय.

तुमच्या घरातही एखादी जुनी पेटी असेल. पहिल्या महायुद्धातलं पदक सापडलं तर त्याची कड नीट बघा. नंबर, नाव आणि पलटण तिथेच कोरलेली असते. आणि ज्यांना त्यातलं थोडंफार आठवतं त्यांच्यासमोर मोबाइलचं रेकॉर्डिंग चालू करून बसा. गोळी आपण वेळेवर देतोच, सोबत एखादा प्रश्नही द्या. उत्तर ठाऊक असलेलं माणूस बहुतेक घरांत एकच उरलेलं असतं.