मन मोकळं करणं आणि तेच ते उगाळणं



सातवी-आठवीतली मुलं घरी फारशी बोलत नाहीत, पण मित्र-मैत्रिणींशी तासन्‌तास बोलतात. आपण ते 'गप्पा' म्हणून सोडून देतो. माझ्या मते त्याकडे नीट लक्ष द्यायला हवं.

मनातलं सांगितलं की मन हलकं होतं. 'असं फक्त माझ्याच बाबतीत घडत नाही' हे कळून धीर येतो. म्हणून 'तिच्याशी बोलायचं नाही' अशी बंदी घालणं चुकीचंच.

पण दुसरी बाजूही आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ अमांडा रोझ यांनी २००२ मध्ये याविषयी संशोधन प्रसिद्ध केलं. दोघं मिळून एकच अडचण पुन्हा पुन्हा उगाळत बसले की मैत्री घट्ट होते, पण चिंता आणि उदासीही सोबत दिसते. त्यांच्या २००७ च्या अभ्यासात काळानुसार ही उदासी वाढताना दिसली ती मुलींमध्ये; मुलग्यांमध्ये नाही.

मग करायचं काय? मुलांना एक प्रश्न विचारायला शिकवूया : "बरं, आता यावर काय करता येईल?" त्यामुळे बोलणं तिथंच न अडकता पुढं सरकतं.

दुसरं, मैत्रिणीचं गुपित जपावं. पण मारहाण, छळ किंवा जीव देण्याची भाषा असेल तर मोठ्यांना सांगणं म्हणजे चुगली नव्हे, हे वर्गात स्पष्ट सांगा. चाइल्डलाइनचा १०९८ हा नंबर वर्गात लिहून ठेवा. एवढं मोठं ओझं तेरा वर्षांच्या मैत्रिणीनं एकटीनं का पेलायचं?