उगाच फिरणाऱ्या बाईची बाजू

17 मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं आणि गावोगावच्या पारावर एक नवं गाऱ्हाणं सुरू झालं : “बाया आता उगाच फिरायला लागल्या.” आमच्या वाशीतही ते ऐकू येतं. (वाशी म्हणजे नवी मुंबईची नव्हे, धाराशिव जिल्ह्यातली, फटाक्यांचं तेरखेडा ज्या तालुक्यात आहे ती.) बाई दवाखान्याला गेली तर चालतं, कोर्टाच्या तारखेला गेली तर चालतं, तुळजापूरला गेली तर फारच चांगलं. ‘उगाच’ गेली की बिघडतं. त्यात ती टाकलेली किंवा विधवा असेल आणि कडेवर दोन वर्षांचं लेकरू असेल, तर विचारायलाच नको.

मला या ‘उगाच’ची बाजू घ्यायची आहे.

चैत्र पौर्णिमेला येरमाळ्याला येडेश्वरीची यात्रा भरते. आसपासच्या बाया लेकरं घेऊन जातात, चुनखडीचे खडे वेचतात, लेकराला पिपाणी घेतात, पाळण्यात बसवतात, रात्री तिथंच पडतात. त्यात एकट्या बायाही असतात. त्यांना कुणी काही विचारत नाही, कारण देवीचं नाव आहे. म्हणजे बाईनं मजा करायला आपल्याकडे बंदी नाही. ती देवाच्या आडोशानं करावी एवढीच अट आहे. तीच बाई म्हणाली, “दोन दिवस लेकराला पुणं दाखवून आणते,” की सासर, माहेर, शेजार सगळे जागे होतात. कुणाबरोबर? कशाला? पैसे कुठून आले?

हा विषय बैठकीत काढला की आपल्याच काही मैत्रिणी म्हणतात, “आधी पोटगीचं बघू, रेशनकार्डाचं बघू. सहल ही चैन झाली.” मैत्रिणींनो, पोटगीचं महत्त्व मला कुणी सांगायला नको. 1988 साली संगमनेरला परित्यक्तांची परिषद झाली, तेव्हापासून आपण निवारा, रेशन, रोजगार मागतो आहोत आणि ते मागणं संपलेलं नाही. पण ते मागतो कशासाठी? बाईनं नुसतं तगून राहावं म्हणून? जिचा नवरा नांदवतो तिनं महाबळेश्वरला गेलं तर ती हौस, आणि जिला टाकली तिनं पुण्याची बाग बघितली तर ती चैन, हा हिशेब सासरचे करतात हे समजू शकतं. आपण तो का करायचा?

आता एकटीनं लेकराला शहर दाखवायचं म्हणजे काय, ते पाहू. दोन-अडीच वर्षांच्या पोराला करमवायला फार काही लागत नाही. एसटीची खिडकी लागते. वाशीला रेल्वे नाही, त्यामुळे पुणे स्टेशनच्या पुलावर उभं राहून येणारी-जाणारी गाडी बघण्यात त्याचा तास जातो. एका डब्यातले खडे दुसऱ्या डब्यात टाकण्यात त्याला जो आनंद असतो, तो तिकीट काढून मिळत नाही. थोडं पाणी, थोडी माती, पळायला दहा पावलं मोकळी जागा, दुपारची झोप, आणि दर तासाला खायला काहीतरी. शेंगदाण्याचे लाडू, केळी, जुनी ओढणी, झाकणाची डबी एवढ्यावर दिवस निघतो. पोराची करमणूक अवघड नाही. अवघड आहे ते त्याच्या आईचं.

कारण दुसरा हात नसतो. बाईला लघवीला जायचं असतं, तेव्हा लेकरू कुणाजवळ द्यायचं? ओल्या फरशीवर उभं करायचं की कडेवर घेऊन बसायचं? मुंबईत 2011 पासून ‘राइट टू पी’ची मोहीम बायकांनी चालवली, ती मोफत आणि स्वच्छ मुतारीसाठी. त्या मुतारीत एक खुंटी आणि लेकरू बसेल असा एक कट्टा असावा, हे एकटी आईच सांगू शकते. दुसऱ्या बायांबरोबर घरातलं कुणीतरी असतं, त्यामुळे त्यांना हा प्रश्न पडतच नाही.

मग दुपार. पुण्यात महापालिकेच्या बहुतेक बागा सकाळी उघडतात, दुपारी बंद होतात आणि संध्याकाळी पुन्हा उघडतात. हे वेळापत्रक शहरातल्या घरवाल्यांचं आहे. दुपारी जिला घर नाही, तिनं भर उन्हात लेकरू घेऊन फाटकासमोर बसायचं. हॉटेलात एका चहावर किती वेळ बसणार? मॉलमध्ये गार हवा असते, पण तिथला रखवालदार आपल्या लुगड्याकडे आणि पिशवीकडे आधी बघतो.

मग रात्र. आमच्यातल्या एकीला स्टँडाजवळच्या एका लॉजवर विचारलं, “मालक कुठंयत?” तिनं सांगितलं, मी आणि माझं लेकरू, दोघंच आहोत. लगेच खोल्या भरल्या! आधारकार्ड दाखवलं तरी भरलेल्याच. एकट्या बाईला खोली देऊ नये असा कोणताही कायदा या देशात नाही. उलट हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, 1956 सांगतो की पाच वर्षांपर्यंतचं मूल साधारणपणे आईच्या ताब्यात असावं. 1999 साली गीता हरिहरन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की बाप हयात असला तरी तो लक्ष देत नसेल तर आईच नैसर्गिक पालक. म्हणजे रात्री उठून दूध पाजायला आई पालक, तापात जागायला आई पालक आणि लॉजच्या वहीत सही करायला मात्र ‘मालक’!

याच दिवसात कधीतरी ती थकते आणि पोराच्या हातात मोबाइल देते. तेव्हा समोरच्या बाकावरचे काका तिला ऐकवतात, “आजकालच्या आयांना पोरं सांभाळायला नकोत.” दोन वर्षांच्या मुलानं दिवसाला तासाभरापेक्षा जास्त पडद्यासमोर बसू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 साली सांगितलं, ते बरोबरच आहे. पण काका, तुम्ही दहा मिनिटं त्याला खिडकी दाखवली असती, तर मोबाइल लागलाच नसता.

आणि आपण कौतुक कुणाचं करतो? हिरकणीचं. गडाचे दरवाजे बंद झाले, खाली तान्हं बाळ होतं, म्हणून ती अंधारात कडा उतरून गेली, अशी कथा आपण लेकींना सांगतो. रात्री गडाचे दरवाजे बंद ठेवणं ही त्या काळची गरज होती. पण आजच्या बागेला, लॉजला कोणत्या शत्रूचा वेढा पडला आहे? एसटी स्टँडांवर ‘हिरकणी कक्ष’ झाले, चांगलं झालं. पण कुलूप असलं तर किल्ली कुणाकडे हे विचारत फिरावं लागतं, आणि पळणाऱ्या पोराचा तिथं विचारच नाही. आईच्या शौर्याला बुरुजाचं नाव देणं सोपं असतं. आम्हाला कडा उतरायचा नाही. आम्हाला दार उघडं हवं आहे.

हे अशक्य नाही. 2005 च्या रोजगार हमी कायद्यात लिहिलं होतं की कामावर पाच किंवा जास्त लहान मुलं असली तर त्यांच्याकडे बघायला एक बाई नेमायची आणि तिला मजुरी द्यायची. माती उपसणाऱ्या बाईसाठी सरकारनं कागदावर तरी मान्य केलं की लेकरू सांभाळणं हे काम आहे. मग मोठ्या स्टँडवर एक खोली, एक चटई, पिण्याचं पाणी आणि पगारी एक बाई का नको?

तेव्हा आपल्या मागण्या अशा असाव्यात. प्रत्येक शहरात निदान एका बागेचा सावलीचा कोपरा दुपारी लहान मुलांसाठी उघडा राहावा. बायकांच्या मुतारीत लेकरू ठेवायची सोय असावी. एकट्या बाईला खोली नाकारता येणार नाही, अशी पाटी प्रत्येक लॉजवर लागावी. आणि एक मागणी आपली आपल्याकडे : पुण्या-सोलापूरच्या मैत्रिणींनी महिन्यातले दोन दिवस आपल्या घरचा एक कोपरा गावाकडून येणाऱ्या मायलेकरांसाठी राखावा. नुसतं झोपायला नको. तासभर पोराला धरायलाही, म्हणजे त्याची आई एकटी, रिकाम्या हातांनी, रस्त्यावरून एक चक्कर मारून येईल.

‘व्हाय लॉयटर’ या 2011 च्या पुस्तकात तीन लेखिकांनी मुंबईच्या बाईसाठी कामाशिवाय रेंगाळण्याचा हक्क मागितला. वाशीहून त्याला एवढीच पुस्ती : कडेवर लेकरू असलं तरीही.

ज्यांच्या घरी कोपरा आहे त्यांनी कळवावं. ज्यांना जायचं आहे त्यांनीही कळवावं. कारण सांगायची गरज नाही.