छातीवर मुका मार बसलेल्या वडीलधाऱ्यांना त्याच दिवशी दवाखान्यात न्या

सावरगाव व पांढुर्णा येथील समस्त नागरिकांस कळकळीचे आवाहन



पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात गोटमार होते. पळसावरच्या झेंड्यासाठी दोन्ही काठांवरून गोटे सुटतात. कुणाचे डोके फुटले, तर रक्त पाहून लोक त्याला लगेच उचलून नेतात. छातीवर गोटा बसलेले आजोबा मात्र "मुका मार आहे, उतरेल" म्हणत घरी येतात, हळद-दूध घेतात आणि पडून राहतात. एरवीही गाडीवरून पडणे, बैलाची धडक, न्हाणीत घसरणे यांतून असाच मार बसतो.

उतारवयात हाडे ठिसूळ होतात आणि थोड्या माराने बरगडी मोडते. तिचे टोक आतली रक्तवाहिनी किंवा फुप्फुस फाडू शकते. माणसाच्या अंगात साधारण 5 लिटर रक्त असते. छातीच्या एकाच बाजूला त्यातले 2 लिटरहून अधिक साचू शकते. बाहेर ओरखडाही नसतो. हा रक्तस्राव कधी काही तासांनी, तर कधी काही दिवसांनी सुरू होतो. खालच्या बरगड्यांमागे डावीकडे प्लीहा, उजवीकडे यकृत असते. हे अवयवही फुटू शकतात.

म्हणून विनंती:

1. साठी ओलांडलेल्या माणसाच्या छातीवर जोराचा मार बसला, तर दुखणे कमी असले तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.
2. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर त्यांची पाकिटे सोबत न्या आणि आधी तेच सांगा. ब्लडप्रेशरच्या काही गोळ्यांमुळे रक्तस्राव होत असतानाही नाडी वाढत नाही. नाडी ठीक आहे म्हणून निर्धास्त राहू नका.
3. छाती चोळू नका, पट्ट्याने आवळू नका. मनाने वेदनाशामक गोळी देऊ नका.
4. दम लागणे, थंड घाम, चेहरा पांढरा पडणे, चक्कर, खांद्यात किंवा पोटात कळ, असंबद्ध बोलणे यांपैकी काहीही दिसले, तर 108 ला फोन करा. तोंडाने काही देऊ नका.
5. तपासून घरी पाठवले, तरी पुढचा आठवडाभर लक्ष ठेवा. रात्रीही विचारपूस करा.

वेळेवर पोचलेल्या रुग्णाच्या छातीत नळी घालून साचलेले रक्त काढता येते, गरज पडल्यास शस्त्रक्रिया करता येते. गंभीर जखमींना आपल्याकडून नागपूरला हलवतात. त्या प्रवासाचा वेळ धरूनच घरातून निघायला हवे.

घरातले म्हातारे माणूस "मला काही झाले नाही" म्हणेल. त्याचे ऐकू नका. गाडी काढा आणि दवाखान्यात न्या.

आपले,
सावरगावचे गावकरी