दुधाचे दात

संध्याकाळी फिरायला निघालो की गंगापूर रोडवरचे दातांचे दवाखाने मोजण्याचा मला नाद आहे. अशोक स्तंभापासून जेहान सर्कलपर्यंत हाताची बोटे अपुरी पडतात. पण आमच्याकडे भांड्यांना येणाऱ्या बाईंच्या तीन वर्षांच्या मुलाचे पुढचे चारही दात काळे पडले, ते मात्र कुणी मोजले नव्हते.

मोजले अंगणवाडीत आलेल्या सरकारी पथकाने. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात ही पथके अंगणवाडीतली मुले वर्षातून दोनदा तपासतात, दातही पाहतात. बाईंना चिठ्ठी मिळाली : जिल्हा रुग्णालयात दाखवा. ती त्यांनी देव्हाऱ्यामागे खोचली.

"दुधाचेच दात, सर! पडायचेच आहेत. त्यापायी चार घरचा खाडा कोण करणार?"

मीही मान डोलावली! मग एका परिचित दंतवैद्यांनी माझी शिकवणी घेतली. "दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत लागतात. पक्क्या दातांची जागा त्याच राखतात. किडल्या की पोर जेवत नाही, झोपत नाही. ते बाटली तोंडात घेऊन झोपतं का? झोपेत लाळ कमी होते आणि गोड दूध दातांवर तसंच राहतं."

मी गप्प. ती बाटली आमच्याच घरची! भांडी होईतो पोर शांत राहावे म्हणून आम्ही तीत दोन चमचे साखर घालून देत असू. उरलेले दूध रात्रीसाठी घरी जाई. आमची भूतदया ही अशी!

बाईंना आता पुन्हा दिवस गेले आहेत. हिरड्यांतून रक्त येते, ते "चालायचंच" म्हणून सोसतात. दंतवैद्य म्हणाले, "अजिबात चालायचं नाही. चौथ्या ते सहाव्या महिन्यात उपचार निर्धास्त करता येतात. शिवाय आईच्या तोंडातले किडीचे जंतू उष्ट्या चमच्यातून बाळाकडे जातात."

२०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते. वजन, रक्त, रक्तदाब सारे पाहतात. वाचकहो, त्याच वेळी प्रत्येकीला "आ करा" म्हणायला असा कितीसा वेळ लागेल?

गेल्या सोमवारी ती चिठ्ठी देव्हाऱ्यामागून निघाली. चारही घरांनी खाडा धरायचा नाही असे ठरले. दोन केसपेपर काढले, आणि डॉक्टरांनी खुर्चीत आधी बाईंनाच बसवले.

"अहो, दात पोराचे दाखवायचे आहेत!" बाई गोंधळल्या.

"तेच बघतोय," डॉक्टर म्हणाले. "येणाऱ्या पोराचे!"