मूठ कणभर, गचका मणभर!

यंत्रांशी गप्पा

दोस्तांनो, या आठवड्याच्या टपालात एक झकास पत्र आलंय. नववीतली एक मैत्रीण लिहिते, 'माझा दादा कॉलेजला मोटारसायकलने जातो. मी डबलसीट बसले की गर्दीत गाडी सारखे गचके देते. माझं हेल्मेट दादाच्या हेल्मेटवर टकाटक आपटतं. दादा म्हणतो, गाडीचा मॅप बदलून घेतला की ती लोण्यासारखी चालेल. बाबा म्हणतात, काही नको, आधी हात नीट चालव! कोणाचं खरं? आणि गाडीच्या पोटात मॅप, म्हणजे नकाशा, आला कुठून?'

वा! प्रश्न असावा तर असा. पण दादा आणि बाबा यांच्या वादात आपण लगेच नाही पडायचं. आधी गाडीच्या आत डोकावू या, मग निवाडा.

मूठ नेमकं काय उघडते?

गाडीची उजवी मूठ पिळली की पेट्रोल जास्त जातं, असं आपण सगळेच समजतो. खरं तर मूठ पेट्रोलचा नळ उघडतच नाही. ती उघडते हवेची वाट! इंजिनात हवा जाते त्या नळीत एक झडप असते. बहुतेक गाड्यांत ती नाण्यासारखी गोल असून मधल्या दांडीवर फिरते. तिला म्हणतात थ्रॉटल. मूठ पिळली की झडप उघडते, हवा आत शिरते आणि मग त्या हवेला पुरेल एवढं पेट्रोल पाठवलं जातं.

किती पेट्रोल? त्याचं गणित ठरलेलं आहे. १ ग्रॅम पेट्रोल पुरतं जळायला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. (पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलं असेल तर थोडी कमी.) म्हणजे एक लिटर पेट्रोल जळताना जवळजवळ ९००० लिटर हवा लागते, बरं का! आपण टाकीत पेट्रोल भरतो म्हणून पेट्रोलचं कौतुक करतो. हवेचे कोणी पैसे घेत नाही, म्हणून तिची आठवणही राहत नाही.

हवेला योग्य तेवढं पेट्रोल मिळालं नाही तर काय होतं? कमी पडलं तर इंजिन अडखळतं आणि तापतं. जास्त झालं तर धूर होतो आणि पैसे जातात.

पितळेतला नकाशा आणि आकड्यांचा नकाशा

जुन्या गाड्यांत हे प्रमाण सांभाळायचं काम कार्बोरेटर करायचा. त्यात एक निमुळती सुई असते. मूठ पिळली की सुई वर उचलली जाते आणि तिच्या बाजूने पेट्रोलला वाट मिळते. सुई कुठे जाड, कुठे बारीक, यावर कधी किती पेट्रोल जाणार हे ठरतं. म्हणजे ती सुई हाच एक नकाशा होता, फक्त तो धातूत कोरलेला होता. गॅरेजमधले मेकॅनिक त्या सुईची क्लिप एक खाच वर किंवा खाली सरकवून गाडीची चाल बदलत. 'मॅप बदलणं' ही युक्ती त्यामुळे नवी नाही. नवा आहे तो कॉम्प्युटर.

१ एप्रिल २०२० पासून आपल्या देशात बीएस ६ हे प्रदूषणाचे कडक नियम लागू झाले. त्यानंतरच्या नव्या मोटारसायकलींत कार्बोरेटरची जागा जवळजवळ सगळीकडे फ्युएल इंजेक्शनने घेतली. त्यात एक छोटा कॉम्प्युटर असतो, त्याला ईसीयू म्हणतात. झडप किती उघडली आहे आणि इंजिन किती वेगाने फिरतंय, हे तो सतत पाहतो आणि पेट्रोलची पिचकारी किती वेळ उघडायची ते ठरवतो.

ही वेळ किती असेल, सांगा पाहू? आपणच हिशोब करू या. इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेतंय, म्हणजे सेकंदाला १००. चार स्ट्रोकच्या इंजिनात दोन फेऱ्यांत एकदा पेट्रोल लागतं. म्हणजे सेकंदाला ५० वेळा! प्रत्येक वेळी हातात सेकंदाचा पन्नासावा भाग, म्हणजे २० मिलिसेकंद. त्यातले काही मिलिसेकंद पिचकारी उघडी राहते.

एवढ्या घाईत कॉम्प्युटर नव्याने गणित कुठून मांडणार? म्हणून त्याच्याजवळ तयार तक्ता असतो. आपल्या पाढ्यांसारखा! आडव्या ओळीत झडपेची उघडीक, उभ्या ओळीत इंजिनाचा वेग आणि चौकटीत पेट्रोलचा आकडा. हा तक्ता म्हणजेच मॅप. समजा, १० टक्के उघडीक असताना आकडा ३ आहे आणि २० टक्क्यांना ४. मग १५ टक्के असेल तर? बरोबर, साडेतीन. मधला आकडा ईसीयू असाच काढतो. (हे आकडे फक्त समजण्यापुरते, हं!) ठिणगी कधी पाडायची यासाठीही असाच दुसरा तक्ता असतो. या तक्त्यांतले आकडे बदलणं म्हणजे रीमॅपिंग.

मग गचका कुठून येतो?

एक नाही, चार ठिकाणांहून.

पहिलं, पेट्रोल बंद आणि चालू होण्यातून. चालत्या गाडीची मूठ पूर्ण सोडली की ईसीयू पेट्रोल बंद करून टाकतो. वाया का घालवायचं? पण पुन्हा मूठ जराशी पिळली की पेट्रोल एकदम सुरू होतं. शून्यातून काहीतरी, आणि तेही अचानक. हा पहिला झटका.

दुसरं, इंजिनाच्या भुकेतून. इंजिन हळू फिरत असताना त्याला हवा थोडीच लागते. झडप जराशी उघडली तरी त्याचं पोट भरतं. जोरात फिरणाऱ्या इंजिनाला मात्र तेवढ्याने काहीच होत नाही. म्हणून गर्दीत मुठीचं छोटंसं वळणही मोठं काम करून जातं.

तिसरं, ढिलाईतून. चेन सैल असेल तर मूठ सोडल्यावर तिची एक बाजू लोंबते आणि पिळल्यावर ती फाडकन ताणली जाते. मुठीची केबल फार सैल असेल तरी तेच. आधी हात रिकामाच फिरतो आणि मग एकदम गाडी उसळते.

चौथं, हातातून. खड्डा आला, अंग हललं, मनगट हललं, मूठ हलली, गाडी उसळली, म्हणून अंग पुन्हा हललं. हे चक्र सुरू झालं की गाडी सशासारखी उड्या मारत जाते.

यातलं पहिलं आणि दुसरं कारण मॅपचं. तिसरं पान्याने सुटणारं. आणि चौथं? ते आपलं स्वतःचं!

वायर नसलेली मूठ

आता थोडी पुढची गोष्ट. काही नव्या गाड्यांत मूठ आणि झडप यांच्यामध्ये केबलच नसते. मुठीजवळचा सेन्सर फक्त सांगतो, 'हाताने एवढं मागितलंय.' झडप किती उघडायची ते ईसीयू ठरवतो आणि एक छोटी मोटर ती फिरवते. याला राइड बाय वायर म्हणतात. यामाहाने २००६ साली आपल्या आर ६ या गाडीत ही पद्धत आणली. आपल्या पुण्याजवळच्या चाकणला तयार होणाऱ्या केटीएम ३९० ड्यूकमध्ये ती २०१७ साली आली.

म्हणजे इथे आणखी एक तक्ता आला. हाताने किती मागितलं आणि झडपेने किती द्यायचं याचा. गाडी मऊ चालावी म्हणून मुख्यतः हाच बदलतात.

आता आलेखाचा कागद घ्या. आडव्या अक्षावर मुठीचं वळण, उभ्यावर झडपेची उघडीक, दोन्हीकडे ० ते १००. पहिली रेघ सरळ काढा. २० ला २०, ४० ला ४०, असं करत १०० ला १००. दुसरी अशी काढा: २० ला ८, ४० ला २२, ६० ला ४२, ८० ला ६८ आणि १०० ला १००.

दिसलं काही? दुसऱ्या रेघेत सुरुवातीला हात २० फिरला तरी झडप ८ च उघडते. हाताच्या बारीकसारीक चुका गाडी पोटात घालते. गचका कमी! पण शेवटी पाहा. हात ८० वरून १०० वर गेला की झडप ३२ ने उघडते. सुरुवातीला जे वाचवलं ते शेवटी वसूल झालं. कारण दोन्ही रेघांची टोकं तीच आहेत, ० आणि १००.

दोस्तांनो, आजच्या गप्पांतली लाखमोलाची गोष्ट हीच. या रेघेचा आकार बदलून इंजिनाची ताकद कणभरही वाढत नाही. फक्त ती कधी हाती येते ते बदलतं. कोणी सुरुवातीलाच उंच चढणारी रेघ टाकून दिली तर गाडी सुसाट वाटेल आणि दादा म्हणेल, 'काय पिकअप वाढलाय!' ताकद मात्र होती तेवढीच. हे म्हणजे महिन्याचा खाऊ पहिल्या आठवड्यात संपवून श्रीमंत झाल्याचा आनंद!

काही गाड्यांत कंपनीच असे वेगवेगळे मॅप देते. टीव्हीएसच्या अपाचे आरआर ३१० मध्ये २०२० साली रेन, अर्बन, स्पोर्ट आणि ट्रॅक असे चार मोड आले. पहिल्या दोन्हींत जास्तीत जास्त ताकद सुमारे ३४ ऐवजी सुमारे २६ अश्वशक्तीवर रोखली होती. इथे शेवटचं टोकसुद्धा खाली आणलं, बघा! कारण पावसात ओल्या रस्त्यावर टायरचा तळहाताएवढाच भाग टेकलेला असतो. तिथे एक गचका म्हणजे घसरगुंडी.

मॅप बदलतात कसा?

हे काम जाणकार माणूस नीट करतो तेव्हा मागचं चाक रोलरवर ठेवतो, गाडी जागच्या जागी पळवतो आणि धुराच्या नळीतला प्राणवायू मोजतो. कुठल्या चौकटीत पेट्रोल कमी पडतंय, कुठे जास्त होतंय, ते पाहून एकेक आकडा सुधारतो. त्याआधी मूळ मॅपची प्रत जपून ठेवतो. पण मोजमाप न करता कुठूनतरी आणलेला तयार मॅप भरला तर? पेट्रोल कमी पडून इंजिन जास्त तापू शकतं, ठिणगी अवेळी पडून पिस्टनला मार बसू शकतो, धूर स्वच्छ करणारं यंत्र निकामी होऊ शकतं. कंपनीची वॉरंटीही नाकारली जाऊ शकते.

शिवाय कायदा आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या ५२ व्या कलमानुसार कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. नव्या गाडीचा धूर, आवाज, ब्रेक तपासून तिला पसंती देणाऱ्या संस्था आपल्याकडे आहेत. पुण्याच्या टेकडीवरची एआरएआय ही त्यातलीच एक. तिथे पास झालेला मॅप घरच्या घरी बदलला तर ती परीक्षा कोण देणार?

तर मग निवाडा!

दादाचं म्हणणं खोटं नाही. मॅपने गचके खरोखर कमी होतात. पण बाबांचं म्हणणं आधी ऐकायचं! क्रम असा: चेनचा ताण पाहा. केबलची ढिलाई पाहा. किती असावी ते गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत छापलेलं असतं. एअर फिल्टर साफ आहे ना? मग हात. मूठ एकदम सोडायची नाही, एकदम पिळायची नाही, आणि गर्दीत गिअर फार वरचा ठेवायचा नाही. एवढं करूनही गचके राहिले तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये विचारायचं, 'या गाडीसाठी ईसीयूचं नवं सॉफ्टवेअर आलंय का?' गाडीला रेन मोड असेल तर तो वापरायचा. तोही मॅपच की!

आणि मैत्रिणी, तुझं काम सगळ्यात महत्त्वाचं. कुठे गचका बसतो, किती वेगात, कुठल्या गिअरला, हे एका वहीत टिपून ठेव. मागे बसणाऱ्याइतका चांगला गचकामापक जगात नाही! ती वही मेकॅनिककाकांना दाखव.

पालकांसाठी दोन ओळी: हे वाचून मुलाला 'एक चक्कर मारू का?' असं वाटेल. गिअरच्या गाडीच्या लायसन्ससाठी १८ वर्षं पूर्ण लागतात. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार पालकाला किंवा गाडीच्या मालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. आणि डबलसीट बसणाऱ्यालाही हेल्मेट हवंच. आमच्या मैत्रिणीचं आपटतं, म्हणजे ती घालते. शाबास!

या आठवड्याचा गृहपाठ

घरात दोन प्रकारचे नळ शोधा. एक जुना, गोल गोल फिरवायचा. दुसरा नवा, पाव फेरीत पूर्ण उघडणारा. खाली बादली ठेवा (पाणी झाडांना घाला). पेला बरोबर अर्धा भरायचा आहे, शिंतोडा उडता कामा नये. कुठल्या नळाने सोपं जातं? का? दोन्ही नळांच्या रेघा आजच्याच आलेखावर अंदाजाने काढा आणि आम्हाला पाठवा.

पुढच्या आठवड्यात: ब्रेक दाबला की गाडीचं नाक खाली का जातं? तोवर अच्छा!