रत्नागिरीचे दारिद्र्य कोणाच्या सोयीचे?

२००१ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती. २०११ साली ती १६,१५,०६९ भरली. ज्या दशकात महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे सोळा टक्क्यांनी वाढली, त्याच दशकात ह्या जिल्ह्यातील ऐंशी हजारांहून अधिक माणसे कमी झाली. तेथे दुष्काळ पडला नव्हता की साथ आली नव्हती. शेजारच्या सिंधुदुर्गातही घटच झाली. कोकणी माणसाला मुंबईची ओढ फार, असे म्हणून हे आकडे बाजूस सारण्याची आपल्याकडे रीत आहे. ही रीत राज्यकर्त्यांच्या सोयीची आहे. आपल्या कार्यकर्त्यांनी तरी ती स्वीकारता कामा नये. कारण जिल्ह्याचे हे रिकामे होणे एका निश्चित अर्थव्यवस्थेचे फळ आहे.

प्रथम भूगोल पाहू. मंडणगडपासून राजापूरपर्यंतचे नऊ तालुके म्हणजे सह्याद्री आणि समुद्र यांच्यामधली एक अरुंद पट्टी. वर जांभ्या दगडाचे उघडे सडे, उतारावर नाचणी-वरीची वरकस जमीन, खाली खाचरांतून भात आणि खाडीकाठी माडांच्या बागा. पाऊस वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पडतो; पण जांभा तो धरून ठेवीत नाही, नद्या आखूड आहेत, आणि चैत्र-वैशाखात डोंगरावरच्या वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. हा निसर्गाचा दोष मानला, तर मग कोयनेचे काय? कोयना प्रकल्पासाठी पश्चिमेकडे वळविलेले वर्षाला सुमारे ६७ अब्ज घनफूट पाणी पोफळीच्या बाजूला वीज निर्माण करते, वाशिष्ठीत सोडले जाते आणि बहुतांशी चिपळूणवरून समुद्रास मिळते. त्या विजेवर राज्यातील कारखाने चालले. त्या पाण्यावर खेड-चिपळूणच्या वाड्यांची तहान मात्र भागली नाही. पाणी नाही असे म्हणण्यापेक्षा, पाणी कोणासाठी वापरावयाचे ह्याचा निर्णय जिल्ह्याबाहेर झाला, असे म्हणणे सत्यास धरून होईल.

जमिनीची कथा वेगळी नाही. खोती पद्धतीत कसणारा कुणबी व महार पिकवी आणि खोत पिकाचा वाटा उचली. १९३७ साली डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. जानेवारी १९३८ मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा त्याच मागणीसाठी मुंबईत विधिमंडळावर गेला. कायदा झाला तो १९४९ साली. पुढे कूळकायद्याने कसणारा मालक व्हावयाचा होता. पण जेथे खंडाची व्यवस्था तोंडी होती, पावती नव्हती आणि कसणाऱ्या घरातील कर्ता पुरुष गिरणीत होता, तेथे सातबाऱ्यावर कुळाचे नाव चढलेच नाही. 'बेदखल कुळे' हा शब्द कोकणात आजही जिवंत आहे, यातच त्या कायद्याचे अपयश आले.

ज्याच्या नावावर जमीन नाही त्याने जावे कोठे? तो मुंबईस आला. परळ-लालबागप्रमाणेच आपल्या कुर्ल्यातही आला. १८८६ साली जमशेटजी टाटांनी येथील धरमसी मिल विकत घेऊन तिची स्वदेशी मिल केली. पुढे प्रीमियर ऑटोमोबाईल्स आली, मुकुंद आली. ह्या कारखान्यांच्या साच्यांवर आणि यंत्रांवर कोकणातून आलेले हात होते. ते हात जन्माला घालण्याचा, वाढविण्याचा आणि थकल्यावर सांभाळण्याचा खर्च मात्र मालकाने केला नाही. कामगार गावगाड्यांच्या खोलीत दाटीने राही, बायको-मुले गावी राहत, आणि मनीऑर्डरीत जे उणे पडे ते ती बाई खाचरात राबून भरून काढी. श्रमशक्तीच्या पुनरुत्पादनाचा खर्च गावाने सोसला म्हणून मुंबईत मजुरी स्वस्त राहिली. मनीऑर्डरीवर जगणारा जिल्हा असे रत्नागिरीला हिणविले जाते. हिशेब नीट मांडला तर रत्नागिरीनेच मुंबईच्या भांडवलाला शंभर वर्षे अनुदान दिले आहे.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला तेव्हा हे उघड दिसले. सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, आणि त्यांतील कितीतरी जण कोकणात व घाटावर आपापल्या गावी परतले. त्यांना महिनोन्महिने जगविले ते गावच्या तांदळाने. बेकारभत्त्याचे काम त्या अपुऱ्या शेतीने केले.

ह्या व्यवस्थेचे ओझे कोणी वाहिले ते आणखी एका आकड्यात दिसते. २०११ साली जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. राज्यात हे प्रमाण ९२९ होते. काही मंडळी याला स्त्रीसन्मानाची खूण समजतात. परंतु बालवयातील प्रमाण पाहिले तर येथेही मुलींची संख्या मुलग्यांपेक्षा कमीच आहे. तेव्हा ह्या आकड्यात स्त्रियांचे वैपुल्य नसून पुरुषांची अनुपस्थिती मोजली गेली आहे. ज्या गावी शेत, गुरे, म्हातारी माणसे आणि पाणी हे सारे स्त्री सांभाळते, त्या गावच्या जमिनीवर तिचे नाव किती ठिकाणी आहे, हे आपण कधी विचारले आहे काय?

अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्यात मॅकडॉवेल नावाची कोळशाच्या खाणींची एक डोंगराळ कौंटी आहे. १९५० साली तिची लोकसंख्या जवळजवळ एक लाख होती. २०२० साली ती वीस हजारांच्या आत आली. संपत्ती बाहेर गेली, खाणीतील रोजगार आटला, आणि मागोमाग माणसेही गेली. जगातील सर्वांत धनाढ्य देशातही हे घडते. म्हणून त्याचे कारण कोकणी स्वभावात शोधणे व्यर्थ आहे.

समाजवादी चळवळीचे ह्या भूमीशी जुने नाते आहे. बॅ. नाथ पै आणि प्रा. मधु दंडवते यांनी राजापूर मतदारसंघाचे प्रतिनिधित्व केले. कोकण रेल्वेसाठी संसदेत व बाहेर झगडा झाला. जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना, १९९० साली, महामंडळ स्थापन झाले आणि १९९८ साली मार्ग पुरा झाला. हे यश मोठेच. परंतु रेल्वे जे वाहून नेते ते अर्थव्यवस्थेने तिच्यात चढविलेले असते. गावात रोजगार नसेल तर कुर्ला टर्मिनसला माणसे उतरतच राहणार. आज हापूसच्या बागांतून राखण करावयास नेपाळहून मजूर येतात आणि त्याच गावचा तरुण मुंबईत पहारेकरी म्हणून उभा राहतो. बागेचा नफा आणि बागेची मजुरी यांत जोपर्यंत इतके अंतर आहे, तोपर्यंत यात नवल नाही.

याउलट 'विकास' येतो तो वरून: गुहागरात एन्रॉन, राजापुरात जैतापूर, नाणार आणि २०२३ साली बारसू. प्रत्येक वेळी सडा 'पडीक' ठरविला जातो, आणि विरोध करणारी गावची बाई विकासविरोधी. भरीस आवाजही घटतो आहे. २००८ च्या पुनर्रचनेत जिल्ह्याच्या विधानसभेच्या सात जागांच्या पाच झाल्या. राजापूर हा लोकसभा मतदारसंघच उरला नाही. पुढील पुनर्रचनेत हे गणित अधिक कठोर होईल.

म्हणून आपल्या मागण्या नेमक्या असाव्यात. बेदखल कुळांची गावोगाव चौकशी होऊन नोंद व्हावी, आणि ती पती-पत्नींच्या संयुक्त नावे व्हावी. कोयनेच्या सोडलेल्या पाण्यावर पहिला हक्क वाशिष्ठीच्या खोऱ्याचा मानला जावा. दापोलीचे कृषी विद्यापीठ १९७२ पासून आहे. त्याच्या ज्ञानाच्या आधारे काजू आणि आंबा यांवर प्रक्रिया करणारे कारखाने उत्पादकांच्या सहकारी मालकीत उभे राहावेत. आणि कोणताही प्रकल्प गावात प्रत्यक्ष राहणाऱ्यांच्या ग्रामसभेच्या संमतीवाचून येऊ नये.

हे काम केवळ रत्नागिरीच्या शाखांचे नव्हे. कुर्ला, घाटकोपर, मुलुंड येथे गावोगावची मंडळे आहेत. शिमग्याला आणि गणपतीला ती गावी जातात, देवळासाठी वर्गणी जमवितात. सातबाऱ्यावरची निम्मी नावे त्यांतील सभासदांचीच आहेत. त्यांच्या सहीवाचून जमिनीचा सौदा सहसा पुरा होत नाही. आपल्या कार्यकर्त्यांनी त्या मंडळांत बसावे आणि सही करण्यापूर्वी गावात राहिलेल्यांना विचारण्याचा ठराव तेथे करून घ्यावा. ह्याची सुरुवात येत्या गणपतीच्या आधी होऊ शकते.