वाळवंटात एका ओळीत

६ ऑक्टोबर २००८ रोजी अमेरिकेतल्या दुर्बिणीतून एक लहानसा लघुग्रह दिसला आणि दुसऱ्याच दिवशी तो सुदानच्या न्युबियन वाळवंटावर, आकाशातच फुटला. कोसळण्याआधी हेरला गेलेला हा पहिलाच. आम्हाला मात्र भावते ती पुढची गोष्ट. डिसेंबरात खार्तूम विद्यापीठाचे मुआविया शद्दाद आणि उल्का-अभ्यासक पीटर जेनिस्केन्स विद्यार्थ्यांना घेऊन तिथे पोहोचले. सगळे अंतर राखून एका ओळीत उभे राहिले आणि जमिनीवर नजर रोखून चालू लागले. काळा खडा दिसला की थांबायचं, निरखायचं: जळून आलेलं पातळ काळं कवच आहे, की नुसताच दगड? पुढच्या मोहिमा धरून सुमारे सहाशे तुकडे हाती आले. उल्काशोधावरचा हा अंक त्या पोरापोरींसाठी.